कृत्रिम आहारावरील घाटे अळीचे संगोपन

कृत्रिम आहारावरील घाटे अळीचे संगोपन म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या पतंगवर्गीय किडीच्या पिढ्या, नैसर्गिक खाद्यवनस्पतींऐवजी मुद्दाम तयार केलेल्या खाद्यावर, प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत होय. हरभऱ्यावर घाटे अळी, कपाशीवर अमेरिकन बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी ही सारी नावे याच एका किडीची आहेत. शेतातील पीक हंगामापुरते असते. संशोधनाला मात्र एकाच वयाच्या निरोगी अळ्या बारमाही लागतात. त्या गरजेतून ही पद्धत रूढ झाली.

पार्श्वभूमी

वनस्पतीवर जगणारी अळी वनस्पतीविना वाढवता येईल का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खुलाच होता. अमेरिकेत गुलाबी बोंडअळीवर काम करताना एर्मा व्हँडरझँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अळीला लागणारी पोषकद्रव्ये एकेक करून तपासली. १९६० मध्ये गव्हाच्या अंकुरावर आधारित खाद्य प्रसिद्ध झाले आणि थोड्याफार फरकाने ते अनेक पतंगांना चालले.

खाद्य

भारतात घाटे अळीच्या खाद्याचा पाया बहुधा हरभऱ्याचे पीठ हाच असतो. त्यात यीस्ट, जीवनसत्त्वे आणि काही कृतींत कोलेस्टेरॉल व क्षार घालतात. कीटकांना स्टेरॉल स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, म्हणून ते अन्नातूनच मिळावे लागते. पाणी धरून ठेवण्यासाठी अगर वापरतात. उकळत्या पाण्यात विरघळवलेले अगर पिठाच्या मिश्रणात ओततात आणि ते कोमट झाल्यावरच ‘क’ जीवनसत्त्व मिसळतात. उष्णतेने ते नष्ट होते. ही घाई केली, तर खाद्य दिसायला उत्तम आणि पोषणाला निकस निघते. बुरशी रोखण्यासाठी सॉर्बिक आम्ल व मिथाइल पॅराबेन घालतात. हे प्रमाण बेताचेच हवे, कारण जे बुरशीला मारक ते जास्त झाल्यास अळीचीही वाढ खुंटवते.

संगोपन

खोलीचे तापमान साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० ते ७० टक्के राखतात. अंड्यांतून सुमारे तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. सुरुवातीस त्या एकत्र ठेवता येतात. पुढे मात्र प्रत्येकीला स्वतंत्र कप्पा द्यावा लागतो, कारण घाटे अळी आपल्याच जातभाईंना खाते. या कामातील बरीचशी मजुरी एकेक अळी कुंचल्याने उचलून वेगळी करण्यात जाते. पूर्ण वाढलेल्या अळ्या कोषात गेल्यावर नर-मादी वेगळे ओळखतात आणि निघालेल्या पतंगांना मध किंवा साखरेचे १० टक्के द्रावण देतात. माद्या मलमलीच्या कापडावर अंडी घालतात. ते कापड सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने निर्जंतुक करतात. पतंगांच्या पंखांवरील खवल्यांची धूळ श्वासावाटे जाऊन कामगारांना ॲलर्जी होऊ शकते, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

विषाणू व सूक्ष्मजीवांचे रोग शिरल्यास संपूर्ण वसाहत काही दिवसांत नष्ट होऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या बंद खोलीत वाढलेली कीड शेतातल्या किडीहून निराळीही होते; म्हणून अधूनमधून शेतातील पतंग वसाहतीत मिसळतात.

उपयोग

अशा अळ्यांना विषाणूची लागण करून एचएएनपीव्ही हे जैविक कीटकनाशक बनवतात. जिवंत पेशींखेरीज हा विषाणू वाढत नाही. बीटी कपाशीतील प्रथिनाला कीड प्रतिकारक्षम झाली का, हेही खाद्यात त्या प्रथिनाच्या वाढत्या मात्रा मिसळून ठरवतात. येथे खाद्याचा दर्जा निर्णायक असतो. प्रथिन नसलेल्या खाद्यावरच बऱ्याच अळ्या मेल्या, तर ती चाचणी बाद धरावी लागते. आणि चाचणीचा निकाल चुकला, तर कोणते बियाणे पेरावे याविषयी शेतकऱ्याला मिळणारा सल्लाही चुकतो. कपाशीवरील किडींच्या अभ्यासाचे नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्था हे देशातील प्रमुख केंद्र आहे.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत अमेरिकेने याहून पुढची मजल मारली. ॲरिझोनातील फीनिक्स येथे मोठ्या प्रमाणावर वाढवलेले पतंग किरणोत्साराने वंध्य करून कपाशीच्या शेतांत सोडले गेले. त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे, त्यामुळे सापळ्यात सापडलेला पतंग प्रयोगशाळेचा की शेतातला, हे लगेच कळे. बीटी कपाशी व अन्य उपायांच्या जोडीने २०१८ मध्ये तेथील कापूस पट्ट्यातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या हंगामात, विदर्भ व मराठवाड्यातील कपाशीचे याच किडीने मोठे नुकसान केले होते.