घर असताना भाड्याने कशाला?

आरोंद्याला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे, गाव संपतं तिथे तेरेखोलची खाडी लागते आणि पलीकडच्या काठावर गोव्यातलं किरणपाणी. पूर्वी फेरीबोटीने जायचो, आता पूल आहे. माणसं, देव, सोयरीक सगळं दोन्हीकडे सारखंच. दारूचा भाव मात्र वेगळा!

हा फरक जुनाच आहे. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९४९ मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा आला. पलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज, तिथे बंदी नव्हती. पुढे इकडची बंदी सैल झाली, परवाने आले, पण कर कमी म्हणून गोव्यातली बाटली स्वस्त ती स्वस्तच राहिली.

आता मुद्द्याचं. माझा एक चुलतभाऊ (त्याला विचारूनच लिहिते आहे) व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन दोनदा आरोंद्याला परतला. दोन्ही वेळा तीन महिन्यांच्या आत पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा तो परतलाच नाही. पुण्यात, त्याच वाटेवरच्या आणखी तिघांबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, नोकरी करतो. चौदा महिने झाले. आणि चतुर्थी जवळ आली की आमच्याकडे फोनवर एकच प्रश्न, "घर आसताना भाड्याच्या खोलीत कित्याक रवता तो?"

प्रश्न साधा आहे, पण त्याला बराच मोठा इतिहास आहे.

१९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू झालं. ज्याने भोगलंय त्यानेच दुसऱ्याला हात द्यायचा, ही त्यातली मूळ कल्पना. पण सभा तासाभराची. उरलेले तेवीस तास कुठे काढायचे? त्यासाठी उपचार आणि घर यांच्या मधली घरं निघाली. असंच एक सरकारी घर मेरीलँड राज्यात होतं. तिथे राहायला मुदत होती. मुदत संपवून बाहेर पडलेले पुन्हा पिताना दिसायचे. १९७५ मध्ये पैसे वाचवायला सरकारने ते घरच बंद करायचं ठरवलं. तेव्हा पॉल मलॉय आणि त्याच्या सोबत्यांनी ते स्वतः भाड्याने घेतलं आणि नाव दिलं 'ऑक्सफर्ड हाउस'.

नियम मोजके. घराचे निर्णय मतदानाने, खर्चाचा वाटा प्रत्येकाने उचलायचा, आणि जो पिईल त्याने ताबडतोब घर सोडायचं. व्यवस्थापक नाही, डॉक्टर नाही, राहण्याला मुदतही नाही. १९८८ च्या कायद्याने अशी घरं सुरू करायला चार हजार डॉलरपर्यंत कर्जाची सोय झाली. हप्त्यांनी फेडायचं, म्हणजे तेच पैसे पुढच्या घराला.

आता कोणी म्हणेल, चार दारुडे एकत्र राहिले तर पिणारच की! लिओनार्ड जेसन या मानसशास्त्रज्ञाने हेच तपासलं. उपचार संपवलेल्या १५० जणांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं अशा घरांत पाठवलं, बाकीच्यांना नेहमीच्या वाटेने. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन वर्षांनंतर घरांत पाठवलेल्यांपैकी ३१ टक्के नशा करत होते, दुसऱ्या गटात ६५ टक्के.

आपल्याकडेही ही जाण होतीच. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला 'कृपा' सुरू केली. पुण्यात गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याला 'मुक्तांगण' उभं राहिलं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच कार्यकर्ते केलं. पत्नींसाठी 'सहचरी' गट निघाला, उपचारांनंतर गावोगावी पाठपुरावा सुरू झाला. कारण पस्तीस दिवसांच्या उपचाराने शरीर सावरतं, पण छत्तिसाव्या दिवशी माणूस कुठे झोपणार, हा प्रश्न उरतोच.

आपण त्याचं उत्तर गृहीत धरतो. घरी, दुसरं कुठे? पण त्या घरात काय होतं तेही मी पाहिलंय. काकू त्याचे खिसे तपासायची. तो आंघोळीला जास्त वेळ लागला तरी दाराशी उभी. पुलाकडे गेला की कोणी ना कोणी मागे. आईची पोलीस झाली आणि तिचं वय दहा वर्षांनी वाढलं. त्याच्यावर माया कमी नव्हती हो. पण मायेला पहारा जमत नाही, आणि पहाऱ्यात माणूस आपला आपण उभा राहायला शिकत नाही.

पुण्याच्या खोलीत त्याच्यावर पहारा नाही. भाड्याचा वाटा आहे, भांडी घासायची पाळी आहे, आणि रात्री अकराला तलफ आली तर उठवायला तिघे आहेत, ज्यांना ती तलफ समजावून सांगावी लागत नाही. हे आपल्यातल्या कोणालाच देता आलं नसतं.

तेव्हा काका-काकू, आत्या आणि यच्चयावत भावंडं, माझी विनंती एवढीच. यंदा त्याला "ये" म्हणून गळ घालू नका. यायचं तेव्हा तो आपणहून येईल, आणि नाही आला तरी तो घराला विसरला असं समजू नका. नेवऱ्यांचा डबा मी पुण्याला नेणार आहे. काकू, करताना चौघांच्या करा.