ज्यूरीत कोण नव्हते?

वकिली करताना मला जुने कायदे चाळायची सवय लागली. 1898 च्या फौजदारी संहितेत पुजारी, डॉक्टर, वकील, टपाल-तार खात्यातले नोकर यांना सेशन्सच्या ज्यूरीतून सरळ माफी होती. रोगी सोडून डॉक्टरने कोर्टात बसू नये, हे पटते. मला छळते ती वेगळीच गैरहजेरी. 1908 साली मुंबई हायकोर्टात टिळकांपुढे खास ज्यूरी बसली: सात युरोपीय, दोन पारशी. खटला ‘केसरी’तल्या मराठी अग्रलेखांचा, आणि ज्यूरीपुढे इंग्रजी भाषांतरे! भाषेची ही अडचण टिळकांनी ज्यूरीला तोंडावर सांगितली. 22 जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. म्हणूनच कोणताही जुना खटला वाचताना मी आधी ज्यूरीची यादी काढतो.