कातरलेल्या सावल्या

तैलचित्र काढवून घेण्याची ऐपत सामान्यांस नव्हती, तेव्हां युरोपांत रस्त्यांवर व जत्रांतून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या छायाकृति काळ्या कागदांतून कातरून देणारे कलावंत असत. फ्रेंच कारागीर ऑगस्त एदुआर (१७८९–१८६१) हा त्यांतील अग्रणी. यंत्राची मदत न घेतां, नुसत्या नजरेनें तो दुघडी कागद कातरी. एक प्रत गिऱ्हाइकास देई. दुसरीवर नांव, गांव व तारीख लिहून ती वहींत जपून ठेवी. त्याच्या कातरीखालून पदच्युत राजा दहावा चार्ल्सहि गेला आणि साधे नागरिकहि.

१८३९ मध्यें डागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. ही कला मागें पडत गेली. १८४९ च्या डिसेंबरांत, अमेरिकेहून परततांना, गर्न्सी बेटाजवळ त्याचें जहाज फुटलें. बहुतेक वह्या समुद्रांत गेल्या. वांचलेल्या कागदांवर मात्र, इतिहासानें ज्यांची दखल घेतली नसती अशा माणसांचे चेहरे नांवानिशीं टिकले.