सामाजिक उत्तरदायित्व आणि कंपनीची आर्थिक कामगिरी

शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा कामांवर कंपनीने केलेला खर्च (रूढ नाव : सीएसआर) आणि तिचा नफा किंवा शेअरचा भाव यांतील संबंध. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये नियम पाळून नफा वाढवणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, अशी भूमिका मांडली. वाद तेव्हापासून धगधगता आहे.

ऑर्लिट्झ्की, श्मिट व राइन्स यांनी २००३ मध्ये ५२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकूण संबंध अनुकूल दिसला. मात्र आधी काय आणि मागून काय, हा पेच त्याने सुटत नाही. ज्याच्या गाठीशी पैसा, तोच दानधर्म करणार. वॅडॉक व ग्रेव्ज (१९९७) यांना संबंध दोन्ही दिशांनी आढळला होता. मॅकविल्यम्स व सीगल (२०००) यांनी संशोधन-विकासाचा खर्च हिशेबात धरला, तर परिणाम जवळजवळ उरलाच नाही.

भारतात हा खर्च सक्तीचा झाल्याने अभ्यासकांना आयती कसोटी मिळाली. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठली की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो. सरासरी नफा १०० कोटी असेल, तर २ कोटी. हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या सोयीही त्यात धरत नाहीत. मंचिराजू व राजगोपाल (२०१७) यांच्या अभ्यासात, सक्तीच्या कक्षेत आलेल्या कंपन्यांच्या शेअरभावात ४.१ टक्के घसरण आढळली. जाहिरातीवर जास्त खर्च करणाऱ्यांना मात्र ही झळ लागली नाही. सत्कार्य गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्याची सोय त्यांच्याकडे आधीच होती, हा त्याचा सरळ अर्थ. अर्थात हा शेअर बाजाराचा तात्कालिक कौल आहे. शाळा किंवा दवाखान्याचे फळ इतक्या लवकर दिसत नाही.

सक्तीचा आणखी एक परिणाम धर्मपाल व खन्ना (२०१८) यांनी नोंदवला : कमी खर्च करणाऱ्या कंपन्यांनी तो वाढवला, तर आधीपासून २ टक्क्यांहून अधिक देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला.