लाल वाइन, फ्रेंच : वाढप व आस्वाद

काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवून केलेले मद्य. प्रस्तुत नोंद बोर्दो व बर्गंडी या प्रदेशांतील नाजूक घडणीच्या लाल वाइनपुरती आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, जळगाव रस्त्यावरील हर्सूलसारख्या उष्ण व कोरड्या हवेच्या ठिकाणी ती कशी वाढावी, यावर येथे भर दिला आहे. (हर्सूल नावाचे दुसरे गाव नाशिक जिल्ह्यात आहे, त्याचा येथे संबंध नाही.)

पूर्वपीठिका : परदेशी वाइन या मुलखाला नवी नाही. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या इटालियन, लाओदिकीयाच्या व अरबी वाइनची नोंद आहे. त्याच बंदराला जोडलेल्या आतल्या पेठा म्हणून पैठण आणि तगर (आजचे तेर) यांची नावे येतात. नेवासे येथील उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांना वर्षातून दोनदा फळ येते असे लिहिले. आजचा महाराष्ट्रातला बागाईतदारही वेल वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पीक मात्र एकच घेतो, आणि तेही उन्हाळ्याच्या तोंडावर. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हवा गार होत असताना होते. घडात आंबटपणा टिकण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि नाजूक वाइनचा कणा आंबटपणाच असतो.

प्रकृती : बोर्दोतील मार्गो गावची वाइन (मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों व मर्लो) आणि बर्गंडीतील व्होल्ने, शांबोल-म्युझिन्यी या गावांची पिनो न्वार वाइन नजाकतीसाठी नावाजली जाते. नजाकत म्हणजे पातळपणा नव्हे. मद्यार्क, आंबटपणा, तुरटपणा आणि फळाचा गंध यांपैकी एकाने दुसऱ्याला झाकू नये, आणि घोट गिळल्यावरही चव रेंगाळावी, एवढाच त्याचा अर्थ. बोर्दोची १८५५ ची प्रतवारी प्रसिद्ध असली तरी ती त्या वेळच्या बाजारभावावर बेतलेली होती. आस्वादासाठी तिचा उपयोग मर्यादित आहे.

तापमान : वाढपातील सर्वांत महत्त्वाची बाब, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त चुकणारी. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा नियम फ्रान्समधील जुन्या दगडी घरांचा आहे. तेथील खोली म्हणजे सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस. हर्सूलला मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास असतो. अशा खोलीतली बाटली तशीच उघडली तर मद्यार्काची वाफ आधी नाकात शिरते आणि फळाचा गंध तिच्याखाली दबतो. महागडी बाटली या एका चुकीने वाया जाते. बोर्दो १६ ते १८ अंशांवर आणि बर्गंडी १४ ते १६ अंशांवर द्यावी. याहून फार गार केल्यास तुरटपणा बोचू लागतो.

उपाय साधा आहे. बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवावी. साधारण पाव तास पुरतो. नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही, म्हणून पाणी हवेच. फ्रिजमध्ये ठेवल्यास दीड-दोन तास धरावेत. ओले फडके गुंडाळून वाऱ्यावर ठेवलेली बाटली माठातल्या पाण्यासारखी गार होते खरी, पण एवढ्या गारव्याने काम भागत नाही. प्याल्यात थोडीच ओतावी, कारण प्याल्यातली वाइन दहा मिनिटांत पुन्हा तापते. इतर वेळी बर्फ चुकीचा मानतात, पण तो प्याल्यात टाकण्याबाबत. बाटलीभोवतीच्या बर्फाला कोणाचीच हरकत नसावी.

साठवण : बाटली आडवी, अंधारात, १० ते १५ अंशांवर. मराठवाड्यातील पेव किंवा जाड भिंतींचे धाब्याचे घर तळघराची जागा घेऊ शकेल असे वाटते, पण ते खरे नाही. खोल जमिनीचे तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीजवळ राहते. बोर्दोत ती १३-१४ अंश आहे, येथे २५ च्या पुढे. चार-सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर वाइनसाठीचे खास शीतकपाट घ्यावे.

उघडणे व निथळणे : जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ बसतो. ती आदल्या दिवशी उभी ठेवावी आणि मानेखाली मेणबत्ती किंवा विजेरी धरून, गाळ मानेशी येताच थांबत, सावकाश काचपात्रात ओतावी. वाइनला ‘श्वास घेऊ देण्यासाठी’ तासन्‌तास उघडी ठेवण्याबाबत मतभेद आहेत. बोर्दोचे वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो (१९१२–२००४) यांच्या मते गाळ असेल तरच, आणि वाढण्याच्या ऐन वेळी निथळावी. तरुण, कणखर वाइनला हवा मानवते असे अनेक वाढपी सांगतात. नाजूक जुन्या वाइनचा गंध मात्र उघड्यावर लवकर उडतो, हे बहुतेकांना मान्य आहे.

प्याला : पातळ काचेचा, दांडीचा, वर निमुळता. एक तृतीयांश भरावा.

आस्वाद : यजमानाने आधी स्वतः घोटभर घेऊन पाहावे. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा कुबट वास आला तर बूच बिघडले आहे. ती बाटली पाहुण्यांना देऊ नये. रंग पांढऱ्या कापडावर प्याला तिरपा धरून पाहतात, पण त्यावर फार विसंबू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील प्रयोगात ५४ चाखणाऱ्यांना तांबडा रंग घातलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. प्याल्याच्या काचेवरून ओघळणाऱ्या धारांचा दर्जाशी संबंध नाही. मद्यार्क आधी उडून पृष्ठताण बदलल्याने त्या उमटतात.

जिभेवरच्या चवीसाठी मराठी वाचकाला परका शब्दसंग्रह लागत नाही. द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिनमुळे हिरड्या आवळल्यासारख्या होतात, त्याला ‘तुरट’ हा आपल्या षड्रसांतला शब्द नेमका बसतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी कोरडी पडते, तेच हे. सालीचा हा तुरटपणा चांगल्या मार्गोत कच्च्या सुपारीसारखा न राहता मऊ होतो. गंधासाठी पिकलेले जांभूळ, करवंद, तुती, कात, पहिल्या सरीची माती हे शब्द वापरावेत. ज्याने ब्लॅककरंटची फळे कधी पाहिली नाहीत, त्याने इंग्रजी पुस्तकातून त्यांचे नाव उचलू नये.

जेवण : तिखटाने तुरटपणा व मद्यार्क दोन्ही अंगावर येतात, म्हणून काळ्या मसाल्याची आमटी किंवा ठेचा यांच्याबरोबर ही वाइन देऊ नये. शहराच्या खास नान-खलियातील (तुघलकाच्या लष्कराबरोबर आल्याचे सांगितले जाते) मटणाची चरबी तुरटपणाला चांगली झेलते. तिखट बेताचे ठेवावे.

कायदा : महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो.

उरलेली वाइन : बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तरुण वाइन दोन-तीन दिवस टिकते. जुनी, नाजूक बाटली उघडलेल्या संध्याकाळीच संपवावी.