ब्रँडीत न मुरलेले संत्रे : नागपूर, मद्य आणि मिष्टान्नाचा इतिहास

🧵 १/
हिवाळा सुरू झाला की नागपूरच्या बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागतात. युरोपातील कोणत्याही फळबागायती प्रदेशात एवढे पीक आले असते, तर त्यातील काही भाग काचेच्या बरणीत, साखरेसह ब्रँडीत मुरला असता आणि थंडीत पुडिंगवर वाढला गेला असता. नागपुरात तसे घडले नाही. का घडले नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण स्वयंपाकघरातून थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन पोहोचतो.

२/
प्रथम ही कृती समजून घेऊ. पिकलेल्या फळात ८० ते ९० टक्के पाणी असते. बुरशी आणि जिवाणू त्याच पाण्यावर वाढतात. साधारण ४० टक्के मद्यार्काच्या ब्रँडीत फळ बुडवले की फळातील पाणी बाहेर येते आणि मद्यार्क आत शिरतो. ब्रँडी काहीशी पातळ होते, तरी जंतूंना जगू न देण्याइतकी तीव्र राहते. साखर उरलेले पाणी बांधून ठेवते. काही आठवड्यांनी फळाला मद्याचा आणि मद्याला फळाचा स्वाद येतो.

३/
‘ब्रँडी’ हा शब्द डच भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘जाळलेली वाइन’, म्हणजे ऊर्ध्वपातन केलेली द्राक्षमदिरा. फ्रान्समध्ये चेरी अशा मद्यात घालतात. जर्मनीत उन्हाळाभर येणारी फळे एकेक करून रमने भरलेल्या मडक्यात टाकतात आणि नाताळच्या सुमारास ते मडके उघडतात. ज्या देशांत कित्येक महिने झाडाला फळ नसते, तेथील ही बेगमी होय.

४/
ही चव मध्य भारतात आली ती लष्कराबरोबर. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. अशा छावण्यांतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी नाताळ म्हटला की प्लम पुडिंग आणि त्यावर ओतून पेटवलेली ब्रँडी हे समीकरण ठरलेले असे. ब्रँडी आणि पाणी या पेयाला तर ‘ब्रँडी-पानी’ असे मिश्र नावच पडले आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात त्याची नोंद झाली.

५/
१८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. मनुका, बेदाणे आणि पाकवलेल्या साली नाताळच्या काही आठवडे आधी रममध्ये किंवा ब्रँडीत भिजत घालायच्या, ही या समाजाची रीत आजही देशभर टिकून आहे. म्हणजे ब्रँडीत फळ मुरवण्याची कृती भारतात आली होती. पण ती एका लहान वर्तुळातच राहिली.

६/
या वर्तुळाबाहेर काय घडत होते, याचे एक उदाहरण केरळातील तलश्शेरीचे आहे. १८८३ मध्ये मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्याने मंबळ्ळी बापू या बेकरीवाल्याला नाताळचा केक करण्यास सांगितले आणि त्यासाठी फ्रेंच अमलाखालील माहे येथून ब्रँडी आणण्याची सूचना केली. बापूंनी काजूबोंड आणि केळे यांपासून बनवलेली स्थानिक मदिरा वापरली, अशी कथा सांगितली जाते. जे हाताशी आहे त्यात फळ मुरवावे, हा तिचा मथितार्थ. मग नागपूरकरांच्या हाताशी काय होते?

७/
त्यांच्या हाताशी संत्रे होते. ते नागपुरात आणण्याचे श्रेय परंपरेने रघुजी भोसल्यांना दिले जाते. पण हे फळ मुरवण्यासाठी फारसे सोयीचे नाही. साल सैल, बिया पुष्कळ, फोडींचे पापुद्रे नाजूक. शिवाय रस काढून ठेवला की काही वेळाने लिमोनिन या द्रव्यामुळे त्याला कडवटपणा येतो. त्यात आंबिया बहार संपत आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची फळे उतरतात. वर्षातील एवढा काळ ताजे फळ मिळत असताना ते बरणीत कोंडण्याची निकड कमी होती.

८/
ज्या फळांना टिकवणे आवश्यक होते, त्यांच्यासाठी आपल्याकडे साखरेचा मार्ग होता. ‘मुरांबा’ या शब्दाचे मूळ अरबी ‘मुरब्बा’त आहे. आवळा, कैरी यांची बेगमी पाकातच होत असे. मद्यार्कही पूर्णपणे अपरिचित नव्हता. आयुर्वेदातील द्राक्षासवात द्राक्षे आंबून मद्यार्क आपोआप तयार होतो आणि तोच ते औषध टिकवतो. फरक इतकाच की ते औषध म्हणून मोजून घ्यायचे असते. ताटात वाढायचे मिष्टान्न म्हणून नव्हे.

९/
मराठी समाजात ब्रँडीची प्रतिमाही दुहेरी होती. थंडी वाजली की चमचाभर ब्रँडी औषध ठरे. तीच पेल्यात ओतली की सर्वनाशाचे चिन्ह. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये, त्यांनी दारूच्या दुकानांना परवाने देण्यास विरोध केला. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. गडकऱ्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे झाले. सावनेर हा नागपूर जिल्ह्याच्या संत्रापट्ट्यातलाच तालुका आहे. ज्या घरांनी सुधाकराची शोकांतिका पाहिली, त्या घरांच्या फडताळात ब्रँडीची बरणी येणे कठीणच होते.

१०/
आता या कथेची दुसरी बाजू पाहू. विदर्भात फळाफुलांतून मद्य काढण्याची जुनी परंपरा होतीच. फक्त ती मोहाच्या झाडाखाली होती. गोंड आणि इतर आदिवासी समाजांत मोहफूल हे अन्नही आहे आणि मद्यही. वाळवलेली फुले भाजून, शिजवून किंवा पिठात मिसळून खाल्ली जातात. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये भीषण दुष्काळ पडले. धान्य संपल्यावर आधार देणाऱ्या अन्नांत मोहफूल अग्रभागी होते. त्याच फुलांची दारू देवाच्या पूजेत, जन्मात, लग्नात आणि मरणातही लागते.

११/
येथे सत्तेचा न्याय कसा चालला ते पाहावे. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि गाळपावर सरकारी नियंत्रण घट्ट झाले. पुढे १८९२ चा मोहफूल कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर नुसती मोहफुले बाळगण्यावरही त्याने निर्बंध घातले. कारण दिले गेले ते चोरटे गाळप रोखण्याचे. साहेबाच्या टेबलावरील ब्रँडीतले फळ हे मिष्टान्न. आदिवासीच्या टोपलीतले फूल मात्र संभाव्य गुन्ह्याचा पुरावा! फळफुलांत साखर आणि साखरेतून मद्यार्क, हे रसायन दोन्हीकडे एकच होते. वेगळा होता तो फक्त माणसाचा दर्जा आणि सरकारचा महसूल.

१२/
राष्ट्रीय चळवळीने दारूबंदीचा आग्रह धरला. त्यात गरीब कुटुंबांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, खऱ्या वेदना होत्या. १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला होता आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडाचा स्वतंत्र दारूबंदी कायदा झाला. मुंबई राज्याचा कठोर कायदा १९४९ चा. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे तो कायदा येथेही लागू झाला. नाव बदलून तोच कायदा आज महाराष्ट्रात चालू आहे. कागदोपत्री मद्यासाठी आजही एक दिवसाचा किंवा आजीवन परवाना लागतो.

१३/
या कायद्यात एक बारीक फट आहे. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात निकाल दिला की मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने सरसकट बंद करता येणार नाहीत. त्यानंतर कायद्यात कलम २४-अ आले. ‘दारू म्हणून पिण्यास अयोग्य’ असतील तर औषधे, प्रसाधने, तसेच खाद्यस्वादाचे अर्क, इसेन्स आणि सरबते यांना त्यात सूट मिळाली. थोडक्यात, बाटलीतला इसेन्स कायद्याला चालला. घरच्या बरणीतील ब्रँडीचे फळ मात्र परवान्याच्या छायेतच राहिले, कारण ते चवीने खाण्यासारखे होते!

१४/
परिणामी संत्र्याचे मिष्टान्न दुसऱ्या वाटेने गेले. संत्र्याचा गर खव्यात आणि साखरेत आटवून केलेली संत्रा बर्फी ही आज शहराची ओळख आहे. नागपूर संत्रा उत्पादकांच्या संघाच्या आद्याक्षरांतून ‘नोगा’ हे नाव आले. त्या नावाने निघणारी सरबते आणि जॅम अनेक पिढ्यांनी चाखले. केकमध्ये ब्रँडीत मुरलेल्या फळांच्या जागी कच्च्या पपईची रंगीत टूटीफ्रूटी आली. शाकाहारी, मद्यवर्ज्य घरालाही चालेल अशी ही भारतीय तडजोड होती.

१५/
आणि मद्याने संत्र्याला सोडले का? मुळीच नाही. महाराष्ट्रातील देशी दारूच्या दुकानात ‘संत्रा’ हा शब्द फळाचे नाव राहिलेला नाही. तो दारूचा प्रकार झाला आहे. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात संत्र्याचा इसेन्स मिसळला की ती ‘संत्रा’. म्हणजे संत्रे आणि मद्य यांची भेट झाली खरी, पण तीत संत्रा बागाईतदाराचे फळ नव्हते, मोहफुलांचे मद्य नव्हते आणि मिष्टान्नही नव्हते.

१६/
आज नागपुरात ब्रँडीत भिजवलेल्या फळांचा केक मिळू शकतो. तेथून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्याच २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांच्या संकलन, साठवण आणि वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. जे फूल दुष्काळात लोकांना जगवत होते, त्याला पुन्हा ‘अन्न’ म्हणवून घेण्यास इतका काळ लागला.

१७/
पदार्थांचा इतिहास केवळ चवीचा नसतो. एखादी कृती एका प्रदेशात रुजते आणि दुसऱ्यात रुजत नाही, यामागे हवामान असते, फळाचा स्वभाव असतो, धर्म आणि नीतीच्या कल्पना असतात. आणि सर्वांत अखेरीस येतो तो प्रश्न : कोणाच्या बरणीला खाद्यसंस्कृती म्हणायचे आणि कोणाच्या मडक्याला गुन्हा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता? नागपूरच्या संत्र्याची न मुरलेली फोड हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवते.