राष्ट्रपती, युद्ध आणि तूट
अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार युद्धनीती व सरकारी तूट यांवर जाहीर वाद घालतात. भारतात राष्ट्रपती सेनादलांचे सर्वोच्च प्रमुख असले आणि अर्थसंकल्प त्यांच्या वतीने संसदेत मांडला जात असला, तरी अनुच्छेद ७४ नुसार ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. १९६९ ची निवडणूक याचे बोलके उदाहरण होय. उमेदवार चिंतामणराव देशमुख हे महायुद्धकाळात, १९४३ साली, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० ते १९५६ अर्थमंत्री होते. तथापि निकाल ठरला काँग्रेसमधील अंतर्गत संघर्षावर. व्ही. व्ही. गिरी विजयी झाले, देशमुख तिसरे राहिले. युद्ध आणि तूट यांचा जाब लोकसभेला उत्तरदायी असलेल्या मंत्रिमंडळाकडेच मागावा लागतो.